बंद पडलेल्या गावच्या फुटबॉल लीगचा इतिहास कसा लिहायचा

गोव्याच्या फुटबॉलचा मोठा इतिहास आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स शिवोलीला आले आणि त्यांच्याबरोबर बॉल आला, मग १९५९ ला गोवा फुटबॉल असोसिएशन, साळगावकर, वास्को, सेझा, धेंपो हे क्लब, १९८३ ची संतोष ट्रॉफी, पुढे चर्चिल, देशपातळीवरची नॅशनल लीग आणि आय-लीग. हे कुठेही वाचायला मिळतं. पण तुमच्या भागात आठ-दहा गावांच्या टीम घेऊन जी लीग चालायची, भात कापून झाल्यावर शेतातच गोलपोस्ट रोवून, रविवारी चार वाजता, जिच्यासाठी माणसं दुपारची झोप सोडून चालत यायची, ती कधी सुरू झाली, कोणी चालवली आणि का बंद पडली हे कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहायचं असेल तर कसं लिहायचं हे सांगतोय. मी आमच्या डिचोलीकडच्या एका लीगवर हे काम केलंय आणि अजून करतोय, त्यातून जे उपयोगी पडलं तेच इथे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य. सुरुवातीपासून सुरू करू नका. शेवटच्या सीझनपासून सुरू करा आणि मागे मागे जा. सगळे जण विचारतात "पहिली मॅच कधी झाली, पहिला चॅम्पियन कोण", आणि तिथेच अडकतात, कारण ते सांगणारी माणसं बहुतेक गेलेली असतात आणि जी आहेत ती ऐकीव सांगतात. शेवटच्या सीझनची माणसं मात्र हयात आहेत, पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्या कपाटात कागद आहेत, फोनमध्ये नंबर आहेत. आणि दुसरं म्हणजे लीग का बंद पडली हे कळलं की ती कशाच्या जोरावर उभी होती ते आपोआप कळतं. जे निघून गेल्यावर लीग कोसळली तेच तिचा खांब होतं, मग ते ग्राउंड असो, पैसा असो की एकटा सेक्रेटरी.

पण त्याच्याही आधी नक्की कशाचा इतिहास लिहिताय ते ठरवा. गावात लीगलाही टुर्नामेंट म्हणतात आणि टुर्नामेंटलाही लीग म्हणतात. प्रत्येक टीम प्रत्येकाशी खेळायची आणि पॉइंट मोजायचे का? की नॉकआउट होतं आणि हरला तो घरी? की आधी दोन ग्रुप आणि मग सेमीफायनल? असोसिएशनशी संलग्न होती का, की गावांनी आपसात ठरवून चालवलेली? पुष्कळ ठिकाणी असं होतं की काही वर्षं लीग, मग पाऊस लांबला किंवा पैसे कमी पडले म्हणून दोन वर्षं नॉकआउट, मग परत लीग, आणि माणसांच्या डोक्यात सगळं एकच. प्रत्येक वर्षासाठी वेगळं लिहून ठेवा, नाहीतर पुढे याद्या जुळतच नाहीत.

आता शेवटचा सीझन. सेक्रेटरी आणि खजिनदार यांना भेटाच, पण त्यांच्यावर थांबू नका. फक्कीने (चुन्याच्या पुडीने) ग्राउंडची लाइन मारणारा, बॉल सांभाळणारा, लाउडस्पीकरवाला, सोडा-चणे विकणारा, ज्याच्या शेतात ग्राउंड होतं तो भाटकार (जमीनमालक) किंवा कूळ, आणि रेफ्री. रेफ्रीला तर नक्की भेटा. तो कुठल्याच गावचा नसतो, त्यामुळे त्याची आठवण कमी वाकडी असते, आणि तो चार लीगमध्ये शिट्टी मारत असल्यामुळे तुमची लीग इतरांपेक्षा कशी होती हे तोच सांगू शकतो.

विचारायचं ते एवढंच: लीग थांबली तेव्हा नक्की काय झालं? उत्तरं ठरलेली मिळतात. पोरं मोबाइलवर गेली, क्रिकेट वाढलं, मायनिंग बंद झालं, पोरं पोर्तुगाल पासपोर्ट करून लंडनला गेली. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, पण तारीख तपासल्याशिवाय एकही लिहू नका. मायनिंगचं बघा. आमच्या डिचोली-सत्तरी-सांगे भागात खाणवाले, ट्रकवाले, बार्जवाले यांच्या पैशावर जर्सी, बक्षिसं, जेवणं चालायची हे खरंच आहे. पण खाणी थांबल्या त्या सप्टेंबर २०१२ ला, आणि दुसऱ्यांदा मार्च २०१८ ला. तुमची लीग २००५ लाच बंद पडली असेल तर खाणबंदीला कारण म्हणून लावता येत नाही, कितीही जणांनी सांगितलं तरी. माणसं खोटं बोलत नसतात, नंतरचं मोठं दुःख आधीच्या छोट्या दुःखावर येऊन बसतं एवढंच.

आणि मोठ्या क्लबांची भरभराट म्हणजे गावच्या लीगची भरभराट असं धरून चालू नका. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा सीझनमध्ये आय-लीग प्रत्येक वेळी गोव्यातच आली, धेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. याच वर्षांत तुमच्या गावच्या लीगचं काय चाललं होतं ते वेगळं विचारा. चांगले प्लेयर वर गेल्यावर खाली टीम भरत होत्या का, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर किंवा टीव्हीवर मॅच असेल त्या दिवशी गावच्या ग्राउंडवर माणसं येत होती का. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले ते पेपरात मोठं आलं, गावची लीग बाहेर पडली ते कुठे येणार?

ग्राउंडवर थोडं जास्त सांगतो कारण लोक हे सोडून देतात. गावचं ग्राउंड कोणाचं होतं? कोमुनिदादचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), देवस्थानचं, चर्चचं, भाटकाराचं की शाळेचं? सर्व्हे नंबर काढा आणि फॉर्म एक-चौदा हा जमिनीचा उतारा बघा, त्यात मालक, कूळ आणि जमीन कुठल्या वापराची ते असतं. शेतात खेळायचे तर तिथे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात, व्हायचं का ते विचारा. जिथे फक्त खरीप भात, तिथे नोव्हेंबरपासून शेत मोकळं आणि लीग पार मे पर्यंत लांबवता यायची. जिथे पाटाचं किंवा बंधाऱ्याचं पाणी आलं आणि लोक दुसरं पीक घ्यायला लागले तिथे ग्राउंडच गेलं. म्हणजे ज्या गोष्टीने शेतकऱ्याचं भलं झालं तिनेच लीगचं ग्राउंड नेलं असं होऊ शकतं, आणि हे असं तुम्हाला कुठलाही जुना प्लेयर स्वतःहून सांगणार नाही, विचारावं लागतं. प्लॉट पडले का, रस्ता गेला का, कंपाउंड कधी आलं, हेही त्याच दमात विचारा.

कागद. रिझल्टची वही मिळाली तर उत्तमच, पण मला विचाराल तर हिशेबाची वही त्याहून मोलाची. रिझल्टच्या वहीत फक्त कोण जिंकलं ते असतं, हिशेबाच्या वहीत लीग असते. आमच्याकडे जी मिळाली ती साधी शाळेची दोनशे पानी वही, कव्हर फाटलेलं, वर पेनाने ॐ, आणि आत एकाखाली एक: फक्की, ब्लॅडर, रेफ्री भाडं, लिंबू-साखर, दोरी, रिक्षा (अनाउन्समेंट), बर्फ, परत फक्की. फक्कीच्या नोंदी मोजल्या की ग्राउंड किती वेळा आखलं ते कळतं आणि त्यावरून मॅचचा अंदाज येतो, रेफ्री भाड्याच्या नोंदींवरून तो पक्का होतो. रिझल्टची वही नसलेल्या एका सीझनचं जवळजवळ पूर्ण फिक्स्चर यातून उभं राहिलं. जमेच्या बाजूला बघा, हाउझी (तंबोला), रॅफलची कुपनं, टीमची एंट्री फी, देणग्या. कुठली टीम एंट्री फी भरायची थांबली ते वर्ष म्हणजे ती टीम गळाल्याचं वर्ष. टीम एकेक करून गळत गेल्या की सगळ्या एकदम गेल्या, यावरून बंद पडण्याची गोष्ट पूर्ण बदलते.

दुसरी वस्तू म्हणजे फिरती ढाल. लाकडाची, मध्ये पत्र्याचा प्लेयर, भोवती छोट्या पट्ट्या, प्रत्येकीवर वर्ष आणि विजेत्याचं नाव. ती शेवटच्या विजेत्या क्लबच्या घरी कुणाच्या तरी कपाटावर असते. फोटो काढताना एक समोरून पुरत नाही. प्रत्येक पट्टीचा जवळून वेगळा काढा, उजेड बाजूने येऊ द्या म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात, फ्लॅश मारू नका, आणि मागची बाजूही काढा कारण बनवणाऱ्या दुकानाचा शिक्का किंवा देणगीदाराचं नाव मागे असतं. पट्टी नाही पण खिळ्यांची दोन भोकं आहेत असं दिसलं तर तिथे पट्टी होती आणि पडली. भोकंच नाहीत तर त्या वर्षी लावलीच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, नोंद करा.

पंचायतीत ठरावाचं बुक मागा. पंचायती आल्या १९६२ नंतर, त्यामुळे त्यापुढच्या काळात ग्राउंडची परवानगी, एनओसी, कधी तक्रार, हे सगळं ठरावात सापडू शकतं. लीगची कमिटी सोसायटी म्हणून रजिस्टर असेल तर जिल्हा निबंधकांकडे घटना आणि सदस्यांची यादी असते, आणि घटनेत स्थापनेचा उद्देश, पदाधिकारी सगळं लिहिलेलं असतं. सरळ मागून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

पेपरांसाठी पणजीला पाट्टोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. मराठीत गोमन्तक १९६२ पासून, राष्ट्रमत १९६३ पासून, नवप्रभा १९७० पासून, इंग्रजीत नवहिंद टाइम्स १९६३ पासून. हेराल्डचं लक्षात ठेवा, १९८३ पर्यंत तो पोर्तुगीज होता आणि मग इंग्रजी झाला, म्हणजे गोवा मुक्तीआधीचं शोधायचं असेल तर पोर्तुगीज वाचता येणारं कोणीतरी बरोबर न्या, घरातली आजी किंवा शेजारचे अंकल चालतात, स्कोअर वाचायला फार भाषा लागत नाही. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतलं वावराड्यांचो इश्ट हे साप्ताहिक १९३३ पासूनचं आहे, बार्देश-सासष्टीच्या गावांसाठी तेही उघडा. रोजचा पेपर पानन् पान चाळत बसलात तर वर्षं जातील. फायनल बहुतेक रविवारी, म्हणून सोमवार-मंगळवारचे अंक आधी बघा, आणि गावची फेस्तं, जत्रा यांच्या आसपासचे. रिझल्ट मिळाला नाही तरी उद्घाटनाची बातमी मिळते, कारण आमदार आले की फोटो येतो. शिवाय निधनाची पानं. "माजी फुटबॉलपटू" एवढा एक शब्द असतो, पण त्यावरून घर सापडतं.

आता माणसांशी बोलणं. इथे घाई केलीत तर सगळं वाया. फोनवर मुलाखत घेऊ नका, घरी जा, आणि जाताना एखादा जुना टीमचा फोटो घेऊन जा. "काका, हे कोण, हे उभे आहेत ते?" असं सुरू केलं की पुढचा तास माणूस स्वतः बोलतो. चतुर्थीच्या, ख्रिसमसच्या दिवसांत भेटायला जाऊ नका असं काही जण म्हणतात, माझं मत उलट, त्याच दिवसांत बाहेरगावची, परदेशातली भावंडं घरी असतात आणि एकमेकांना दुरुस्त करत बोलतात. फक्त सणाच्या मुख्य दिवशी नको.

वर्ष कधी विचारू नका. "कुठल्या साली?" असं विचारलं की माणूस गोंधळतो आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. मोठ्या घटनेला धरून विचारा. मुक्तीच्या आधी की नंतर (डिसेंबर १९६१)? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरच्या ओपिनियन पोलच्या वेळी (जानेवारी १९६७) लीग चालू होती का? पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले (ऑगस्ट १९७३) तेव्हा तुम्ही खेळत होता का? पोप आले होते (फेब्रुवारी १९८६), घटकराज्य झालं (मे १९८७), त्याच्या अलीकडे की पलीकडे? ख्रिश्चन घरात गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) शवप्रदर्शन दर दहा वर्षांनी येतं, १९६४, १९७४, १९८४, १९९४, त्यावरून माणूस बरोबर सांगतो. आणि स्वतःची घटना, लग्नाआधी की नंतर, मोठा मुलगा झाला होता का, हे तर चुकतच नाही. सोबत घरातली बाई बसली असेल तर तिलाही विचारा, जर्सी धुवून वाळत घालणारी तीच होती आणि कुठल्या वर्षी जर्सीचा रंग बदलला ते तिलाच आठवतं, मग रंगावरून फोटोची तारीख लागते.

तारवटी प्लेयर असतील, म्हणजे बोटीवर जाणारे, तर एक चांगला मार्ग आहे. बोटीवर जाणाऱ्याचं सीडीसी बुक असतं, त्यात कधी बोटीवर चढला आणि कधी उतरला त्याचे शिक्के असतात. कोणी म्हटलं की अमक्या सीझनच्या फायनलमध्ये मी गोल मारला, आणि शिक्के सांगतात की त्या महिन्यांत तो समुद्रावर होता, तर सीझन दुसरा असणार. गोल खोटा ठरवू नका, सीझन शोधा. गल्फवाल्यांचं जुन्या पासपोर्टवरून तसंच जमतं. फक्त नंबराचे फोटो घेऊ नका, तारखा वहीत उतरवून घ्या आणि पुस्तक तिथल्या तिथे परत द्या.

भांडणं येणारच. रेफ्रीला मारलं, गोलपोस्ट उपटला, मॅच अर्धी सोडली, बाहेरचा प्लेयर दुसऱ्याच्या नावावर खेळवला. हे इतिहासातून काढू नका, कारण बऱ्याच लीग शेवटी एका भांडणावरच फुटल्या आहेत. पण दोन्ही गावांकडून ऐका, आणि हयात माणसाचं नाव आरोपाबरोबर लिहू नका. घटना लिहा, निर्णय काय झाला ते लिहा, कमिटीने मॅच परत खेळवली की पॉइंट दिले ते लिहा.

पॉइंट टेबल परत उभं करताना एक काळजी. आज जिंकल्यावर तीन पॉइंट, पण आधी सगळीकडे दोनच होते, वर्ल्ड कपमध्ये सुद्धा तीन पॉइंट १९९४ ला आले. तुमच्या लीगने कधी बदललं ते जुन्या टेबलावरूनच काढायचं. पेपरात एखाद्या टीमचं पाच विजय, दोन बरोबरी आणि बारा पॉइंट असं असेल तर दोनचा हिशेब, सतरा असतील तर तीनचा. तसंच दोन टीमचे पॉइंट सारखे झाले की लागणारं गोल ॲव्हरेज (मारलेले भागिले खाल्लेले) आणि गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले). एका टीमने दहा मारले पाच खाल्ले, दुसरीने अठरा मारले दहा खाल्ले. भागाकार केला तर पहिली वर, कारण दोन विरुद्ध एक पूर्णांक आठ. वजाबाकी केली तर दुसरी वर, आठ विरुद्ध पाच. चॅम्पियन बदलतो! म्हणून आजचा नियम जुन्या सीझनला लावून "खरं तर हे चॅम्पियन व्हायला हवे होते" असं लिहू नका, गावात उगाच आग लागेल आणि ते चूकही आहे. वॉकओव्हरला किती गोल धरले तेही त्या लीगच्या पद्धतीनेच.

नावांची एक यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. एकच माणूस मराठी पेपरात झेवियर, दुसरीकडे शावियेर, गावात टोपणनावाने, आणि हिशेबाच्या वहीत नुसतं "किपर". एका माणसाला एक ओळ, त्यापुढे त्याची सगळी नावं, गाव, वाडा, खेळायची जागा, आणि हे कुठून कळलं ते. शेवटचा रकाना सोडलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की हे कागदावर होतं की कोणीतरी चहा पिताना बोललं होतं.

लिहायला बसाल तेव्हा सीझनप्रमाणे लिहा, पण सगळ्या सीझनला सारखी जागा देऊ नका. ज्याचं खूप मिळालं त्याची पाच पानं, ज्याचा फक्त विजेता माहीत त्याची एक ओळ, आणि ज्याचं काहीच नाही त्याचं वर्ष लिहून पुढे कोरी जागा सोडा, खरोखर कोरी, अंदाजाने भरू नका. मग पंचवीस-तीस कॉप्या झेरॉक्स काढा, साध्या स्टेपल केलेल्या, आणि सांगा की हा कच्चा आहे, चुका असतील तर पेनाने त्यावरच लिहा. बारमध्ये एक, सलूनमध्ये एक, तिंट्यावरच्या (बाजारातल्या) दुकानात एक, देवळाच्या कमिटीला एक, चर्चमध्ये फादरना एक, आणि ज्या ज्या गावची टीम होती त्या प्रत्येक गावात किमान दोन. कोरी जागा बघितली की माणसाला राहवत नाही, तो लिहितोच, आणि त्याने लिहिलेलं तपासायला तुमच्याकडे आता वही, ढाल आणि पेपर आहेत. दोन-तीन महिन्यांनी कॉप्या गोळा करा. जे दोन वेगळ्या गावांतून एकसारखं आलं ते घ्या, जे एकाच गावातून आलं ते "अमक्या गावच्या लोकांच्या सांगण्यानुसार" असं लिहून घ्या. मग पक्की छपाई, एक प्रत सेंट्रल लायब्ररीत, एक पंचायतीच्या वाचनालयात, आणि ढाल ज्यांच्या घरी आहे त्यांना एक, ढालीच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला.